न सुटलेले सैद्धांतिक प्रश्न आणि खानदेशातलं शिक्षण-संशोधन

प्रश्न थोडक्यात असा: शिक्षणशास्त्रात पीएच.डी.साठी जळगावच्या विद्यापीठात विषय मांडायचा आहे. ‘शहादा तालुक्यातील पाचवीच्या विद्यार्थ्यांच्या गणित संपादणुकीचा अभ्यास’ असा विषय दिला, तर ‘यात सैद्धांतिक भर काय?’ असं विचारून तो परत आला. सामाजिक शास्त्रांत आणि शिक्षणात अजून न सुटलेले सैद्धांतिक प्रश्न कोणते, आणि नंदुरबार-धुळे-जळगावात राहून त्यातला एखादा हाताळता येतो का?

येतो, आणि काही प्रश्न तर इथेच जास्त चांगले हाताळता येतात. पण आक्षेप रास्त आहे. तालुका बदलला म्हणून प्रश्न नवा होत नाही. ‘या विषयावर शहाद्यात काम झालेलं नाही’ ही माहितीतली उणीव झाली, सिद्धांतातली नव्हे. सैद्धांतिक प्रश्नात एकाच गोष्टीची दोन स्पष्टीकरणं चालू असतात, दोन्हींच्या मागे काही ना काही पुरावा असतो, आणि ती दोन्ही वेगवेगळं भाकीत करतील अशी परिस्थिती कुणी नीट गाठलेली नसते. म्हणून आराखडा लिहिण्याआधी एक वाक्य लिहून पाहा: ‘पहिलं स्पष्टीकरण खरं असेल तर मला अमुक दिसेल, दुसरं खरं असेल तर तमुक दिसेल.’ हे वाक्य पुरं होत नसेल तर विषय अजून कच्चा आहे. वाक्य पुरं झालं, पण ‘अमुक’ आणि ‘तमुक’ सारखेच निघाले, तरीही कच्चाच.

तुमचा विषय गणिताचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी का वापरता येत नाही, याला शिक्षण-मानसशास्त्रात अध्ययन संक्रमणाचा प्रश्न म्हणतात. १९०१ मध्ये थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी सांगितलं, की दोन कामांत समान घटक असतील तेवढंच संक्रमण होतं. १९०८ मध्ये जड यांनी म्हटलं, की तत्त्व कळलं असेल तर घटक वेगळे असूनही होतं. वाद तेव्हापासून चालू आहे. १९८५ मध्ये ब्राझीलच्या रेसिफे शहरात न्युनेस (तेव्हाचं आडनाव कॅराहर), कॅराहर आणि श्लीमन यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांना हिशेब विचारले. धंद्यावर विचारलेली गणितं ९८ टक्के बरोबर आली. तीच गणितं कागदावर नुसत्या अंकांत दिली तेव्हा जेमतेम ३७ टक्के. पस्तीसच्या भावाने दहा नारळ, हा हिशेब करताना एका मुलाने दहाने गुणलं नाही. तीन नारळांचे १०५, आणखी तिनांचे मिळून २१०, असं करत तो ३५० वर आला. २०२५ मध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवर झालेलं मोठं काम प्रसिद्ध झालं. त्यात अर्थशास्त्रज्ञ बॅनर्जी आणि डुफ्लो, तसंच मानसशास्त्रज्ञ स्पेल्के आहेत. निष्कर्ष त्याच दिशेचा, आणि शाळेत जाणाऱ्या पण धंदा न करणाऱ्या मुलांचं नेमकं उलट: कागदावर जमतं, बाजारात अडतं.

म्हणजे दरी आहे, हे आता पुन्हा सिद्ध करायची गरज नाही. दरी कशाची आहे, हे मात्र ठरलेलं नाही. ती लिहिण्याची आहे, भाषेची आहे, की प्रसंगाची? कोण विचारतो, चुकलं तर काय जातं, हा प्रसंगाचा भाग. बहुतेक ठिकाणी बाजाराची भाषा आणि शाळेची भाषा बऱ्याच अंशी एकच असते, त्यामुळे भाषा बाजूला काढता येत नाही. धडगाव, मोलगी, शहादा, साक्री, शिरपूर इथल्या आठवडे बाजारात ती काढता येते. तिथे पोरगं गिऱ्हाइकाशी अहिराणीत, पावरीत किंवा गुजरीत बोलतं आणि शाळेत प्रमाण मराठीत.

आखणी अशी करा. प्रत्येक मुलाला एकाच जातीचे हिशेब चार रूपांत द्या: बाजारात खरा व्यवहार, तोच व्यवहार घरच्या बोलीत गोष्ट म्हणून, तीच गोष्ट प्रमाण मराठीत, आणि कागदावर नुसते अंक. दरी प्रसंगाची असेल तर पहिल्यावरून दुसऱ्यावर येतानाच गुण पडतील. भाषेची असेल तर दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. लेखनाची असेल तर पहिले तीन जवळपास सारखे राहतील आणि चौथ्यात घसरण दिसेल. तीन स्पष्टीकरणं आणि घसरणीच्या तीन वेगळ्या जागा; समिती ‘सैद्धांतिक भर’ म्हणते ती हीच. शीर्षकही मग बदलेल: ‘बाजारातील व शालेय गणितामधील दरी: भाषा, लेखन आणि प्रसंग यांचा वाटा’. शहादा शीर्षकात नसला तरी चालेल, तो पद्धतीच्या प्रकरणात येईल.

आता एक हिशेब जवळून पाहू. वांगी ३६ रुपये किलो, पावणेदोन किलो घेतली, दोनशेची नोट दिली. बाजारातलं पोरगं म्हणतं: दोन किलोचे ७२, पावाचे ९ गेले, ६३; परत १३७. तेच कागदावर ३६ × १.७५ असं आलं की उभी मांडणी, हातचे, दशांश चिन्ह कुठे द्यायचं ही चिंता. उत्तर एकच असलं तरी रीत वेगळी आहे. म्हणून चौथ्या रूपात गुण पडले की लगेच ‘लेखनाची अडचण’ असा निष्कर्ष काढू नका. कागदामुळे मुलाने आपली रीतच सोडली असेल. यासाठी चौथ्या रूपात अर्ध्या मुलांना ‘मांडणी करून सोडव’ आणि अर्ध्यांना ‘तुला जमेल तसं सोडव, तोंडी सांगितलं तरी चालेल’ असं सांगा. ही वाटणी चिठ्ठ्या टाकून करा, शिक्षकांच्या सांगण्यावरून नको.

भाव असा घ्या की त्याला ४ ने भाग जाईल, म्हणजे पावाचे पैसे पूर्ण रुपयांत येतात. बाजारात ३६ चा भाव मिळाला तर पुढच्या रूपांसाठी ३२ आणि ४४ घ्या. पावणेदोन किलोचे ५६ आणि ७७ होतात, अवघडपणा जवळपास तोच. अर्धा किलो, एक किलो असली सरळ मापं टाळा, कारण त्यांचे पैसे मुलाला पाठ असतात आणि तुम्ही हिशेब न मोजता पाठांतर मोजाल. पावणेदोन, सव्वादोन, अडीच ही मापं बरी. प्रत्येक रूपात चार-पाच हिशेब हवेत. एका हिशेबावर मुलाची पातळी ठरत नाही.

क्रमाचा पेच आहे. चारही रूपं उलटसुलट क्रमाने द्यावीत असं पुस्तकात असतं, पण खरा व्यवहार मागाहून घेतला तर मुलाला ही परीक्षा आहे हे कळलेलं असतं. म्हणून व्यवहार आधी, आणि आठवड्याने, पुढच्या बाजाराच्या सुमारास, उरलेली तीन रूपं. त्या तिघांचे क्रम सहा होतात. सरावाने गुण वाढले तर ते नंतरच्या रूपांत वाढतील, म्हणजे दरी दिसण्याच्या विरुद्ध दिशेने. तरीही दरी दिसली तर निष्कर्ष पक्का. मर्यादांच्या प्रकरणात हे असंच लिहा.

मुलं किती? रूपारूपांतला फरक ०.३ प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) इतका लहान असला तरी पकडायचा, दोन रूपांच्या गुणांतला सहसंबंध ०.५ धरायचा, आणि शक्ती ८० टक्के ठेवायची (फरक खरंच असेल तर तो सापडण्याची शक्यता ८० टक्के), तर एका तुलनेला सुमारे ९० मुलं लागतात. तुमच्या तुलना तीन आहेत, म्हणून सार्थकतेची पातळी (योगायोगालाच फरक समजण्याची जेवढी जोखीम चालवून घेतो ती) तिनात वाटली तर सुमारे ११९. सहा क्रमांत सारखी वाटता यावीत म्हणून १२० घ्या, प्रत्येक क्रमाला २०. काही मुलं दुसऱ्या आठवड्यात सापडणार नाहीत, तेव्हा बाजारात १४० ते १५० मुलांपासून सुरुवात करा.

इथे बिघडतं ते असं. पैसे दाखवणारे इलेक्ट्रॉनिक काटे आणि मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर आता आठवडे बाजारातही आलेत. अशी दुकानं वगळावी लागतात. फोनवरून पैसे दिले तर सुटे परत देण्याचा हिशेबच उरत नाही, म्हणून रोख द्या. विकत घेणारा माणूस त्याच बोलीचा हवा. शर्टाच्या खिशाला पेन लावलेला ‘सर’ समोर आला की पोरगं बाजूला होतं आणि बाप हिशेब करतो. नोंद दुसऱ्याने, जरा लांबून करायची. व्यवहाराच्या वेळी मुलाला अभ्यासाची कल्पना नसते, म्हणून त्याच दिवशी पालकांना सगळं सांगून संमती घ्या. त्यांनी नाही म्हटलं तर ती नोंद तिथेच फाडा. या पद्धतीला विद्यापीठाच्या नैतिकता समितीची आगाऊ मान्यता लागते.

दुसरा मोठा प्रश्न भाषेचा, आणि माझ्या मते खानदेशात बसून करण्यासारखा याहून मोलाचा प्रश्न नाही. द्विभाषिक मुलांच्या शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये दोन गृहीतकं एकत्र मांडली. पहिलं असं, की भाषांवरचं प्रभुत्व एका उंबरठ्यापर्यंत पोचलं तरच द्विभाषिक असण्याचा फायदा होतो. दुसरं असं, की दोन भाषांतली शालेय कौशल्यं आतून जोडलेली असतात, एकीतलं दुसरीत उतरतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधली ‘शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा’ ही शिफारस याच विचाराला जवळची आहे. पण उंबरठा नेमका कुठे, हे आजही कुणी स्वतंत्रपणे मोजून दाखवलेलं नाही. मूल मागे पडलं की उंबरठा गाठला नव्हता म्हणायचं, पुढे गेलं की गाठला होता म्हणायचं, हे चक्राकार झालं. शिवाय या गृहीतकांमागचा बराचसा पुरावा अशा मुलांचा आहे ज्यांच्या घरच्या भाषेला लिपी, पुस्तकं आणि शाळा आहे. पावरी बोलणारं मूल पावरीत वाचायला कधी शिकलेलंच नसतं. मग मराठीत उतरतं ते काय? शब्दसंपत्ती, गोष्ट सांगायची पद्धत, की काहीच नाही? आणि दोन भाषांमधल्या अंतराने यात फरक पडतो का?

या शेवटच्या प्रश्नासाठी इथला प्रदेश जणू मुद्दाम आखल्यासारखा आहे. यावल-रावेरकडची लेवा बोली मराठीला जवळची, धुळे-साक्री-अमळनेरची अहिराणी जरा लांब, शहाद्याकडची गुजरी आणखी वेगळी, मग नवापूरची मावची, अक्कलकुव्याकडची देहवाली, धडगावची पावरी. ग्रियर्सन यांच्या ब्रिटिशकाळातल्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशी ही मराठीच्या खंडात नाही, भिल्ली भाषांबरोबर नवव्या खंडात आहे. अंतर किती, हाच मुळात वादाचा मुद्दा, तेव्हा ते गृहीत धरू नका, मोजा. रोजच्या वापरातले शंभर-दोनशे शब्द घ्या आणि त्या बोलीतला शब्द नुसता ऐकून मराठी मुलांना किती कळतो ते पाहा.

अडचण अशी, की बोलीचं अंतर आणि गरिबी हातात हात घालून चालतात. तळोद्याहून वर सातपुड्यात चढत जावं तसं भाषेचं अंतर वाढतं, आणि रस्ता, शिक्षकांची हजेरी, पोषण हेही बिघडत जातं. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता ६४.४ टक्के होती आणि अनुसूचित जमातींचं प्रमाण ६९ टक्क्यांच्या वर. तेव्हा धडगावची शाळा आणि रावेरची शाळा यांची तुलना करून ‘भाषेचा परिणाम’ म्हणता येणार नाही. तुलना एकाच वर्गात करा. शिरपूर, चोपडा, शहादा या तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याला अशा शाळा सापडतात, जिथे अहिराणी आणि पावरी बोलणारी मुलं एका बाकावर बसतात. शिक्षक तोच, पुस्तक तेच, खिचडी तीच. घरची परिस्थिती उरते. तिच्यासाठी पालकांचं शिक्षण, जमीन, स्थलांतर याची नोंद घ्या. प्रत्येक बोलीची किमान चार-पाच मुलं असलेले २५ ते ३० वर्ग मिळाले तर विश्लेषण उभं राहतं.

घरची भाषा शाळेच्या जनरल रजिस्टरमधून घेऊ नका. तिथे मातृभाषेच्या रकान्यात सरसकट ‘मराठी’ लिहिलेलं असतं. जनगणनेतही असंच होतं: २०११ मध्ये खानदेशी ही स्वतंत्र भाषा म्हणून सुमारे साडेअठरा लाख लोकांच्या नावावर आहे, पण अहिराणी बोलणारे कितीतरी जण विचारलं की मराठीच सांगतात. मुलालाच विचारा: आजीशी काय बोलतोस, लहान भावाशी काय, खेळताना भांडण झालं तर शिव्या कोणत्या भाषेत येतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा सगळ्यांत खरं असतं.

चाचणीत गुण कसे द्यायचे, हा तिसरा प्रश्न यातूनच निघतो. अहिराणी मुलगा ‘काळा’ हा शब्द ‘काया’ असा वाचतो, ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतो. तपासनीस चूक धरतो आणि मिनिटाला शब्दांचा आकडा खाली येतो. उताऱ्यात मुलगी पाणी आणते, आणि मूल सांगतं ‘आंडेर पानी लई उनी’. हे आकलन शंभर टक्के आहे, तरी ‘प्रमाण भाषेत उत्तर नाही’ म्हणून शून्य मिळू शकतं. म्हणून ळ-य, ण-न असे नियमित बदल आधीच यादी करून ‘चूक नाही’ ठरवा, आणि गुण दोन रकान्यांत ठेवा: एक कडक, एक बोली धरून. दोन रकान्यांतला फरक ही तुमची सगळ्यांत मौल्यवान सामग्री ठरेल. अडचणीचा किती भाग मुलाचा आणि किती मोजपट्टीचा, हे त्यातूनच कळतं.

वेगाच्या मोजपट्टीतही सैद्धांतिक पोकळी आहे. पायाभूत वाचन-गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीला मिनिटाला ६० शब्द ही अपेक्षा आहे. पण ‘विहिरीवरून’ हा मराठीत एक शब्द आहे, इंग्रजीत त्यासाठी तीन लागतात. देवनागरीत मूल अक्षरावर वाचतं की ध्वनीवर? सोनाली नाग यांचं कन्नड वाचनावरचं २००७ चं काम दाखवतं, की अक्षरलिपीत लिपीज्ञान पक्कं व्हायला पहिल्या दोन-तीन वर्षांपेक्षा बराच जास्त काळ लागतो आणि सुट्या ध्वनींची जाण सावकाश येते. मराठीत, आणि त्यातही ‘ळ’ न उच्चारणाऱ्या मुलांत, हा क्रम कसा असतो? वेगासोबत दर मिनिटाला बरोबर वाचलेली अक्षरंही मोजा. खर्च काहीच वाढत नाही.

उरलेले प्रश्न थोडक्यात. ऊसतोडीला दिवाळीनंतर गुजरातकडे किंवा पश्चिम महाराष्ट्रात जाणाऱ्या कुटुंबांची मुलं उन्हाळ्यात परततात. त्यांचं नुकसान बुडालेल्या दिवसांच्या संख्येमुळे होतं, की सलग तुटण्यामुळे? हजेरीच्या कॅटलॉगमधून तेवढेच दिवस सुटेसुटे बुडवणारी, कापूस वेचणीला जाणारी मुलं शोधली तर दोन्ही स्पष्टीकरणं वेगळी पडतात. संख्यानामांचा प्रश्न मोहात पाडणारा आहे: बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत आणली, म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या तुकड्यांची तुलना करता येईल असं वाटतं. करू नका. ती मुलं तिसरीत जाण्याआधीच २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, आता दोन कारणं वेगळी काढता येणार नाहीत. शिक्षणाने कौशल्य वाढून पगार वाढतो, की पदवी ही मालकासाठी फक्त हुशारीची खूण असते, हा अर्थशास्त्रज्ञ बेकर आणि स्पेन्स यांच्यापासूनचा वाद मोठ्या सामग्रीशिवाय हाती लागत नाही. एकट्याच्या प्रबंधाचं हे काम नव्हे. जात उघड झाल्यावर कामगिरी घसरते, हे हॉफ आणि पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या मुलांवर दाखवलं. पण ते पुन्हा करून पाहण्यात मुलांना दुखावण्याचा धोका आहे, तेव्हा एकट्याने हात घालू नका.

नमुन्याबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो, कारण इथे बरेच प्रबंध कोसळतात. एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात. २० शाळांतून प्रत्येकी २० अशी ४०० मुलं घेतली, आणि गुणांतल्या एकूण फरकापैकी पाचवा हिस्सा शाळाशाळांतला असला (हे नवल नाही), तर १ + १९ × ०.२ म्हणजे ४.८ ने भागायचं. ४०० चं वजन ८३ मुलांइतकं उरतं. म्हणून शाळेमागे मुलं वाढवण्यापेक्षा शाळा वाढवा: ४० शाळांतून दहा-दहा घेतली तर तीच ४०० मुलं १४३ इतकी भरतात. प्रवास वाढतो, याला इलाज नाही. ग्रामीण मुलांचं वाचन-गणित तपासणारं असर सर्वेक्षणही याच कारणाने जिल्ह्यातली ३० गावं आणि प्रत्येक गावात २० घरं घेतं, दोन-तीन मोठी गावं नव्हे.

परवानग्या आधी मिळवा. जिल्हा परिषद शाळांसाठी प्राथमिक शिक्षणाधिकारी, आश्रमशाळांसाठी तिथलं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत किमान तीन वर्षं आणि कमाल सहा असली, तरी क्षेत्रकार्याला खानदेशात वर्षाकाठी दोनच खिडक्या मिळतात: शाळा सुरू झाल्यापासून गणपतीपर्यंत, आणि जानेवारीच्या मध्यापासून होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजारापर्यंत. मधल्या काळात वेचणी, दिवाळी, स्थलांतर. भोंगऱ्याच्या आठवड्यात सातपुड्यातल्या शाळेत मुलं सापडणार नाहीत.

आणि विश्लेषणात: ‘टी-मूल्य सार्थक नाही, म्हणून दोन गटांत फरक नाही’ हे वाक्य लिहू नका. सार्थकता मिळाली नाही ती मुलं कमी पडली म्हणूनही असेल. फरक नाही असं म्हणायचं असेल तर आधीच ठरवा, की किती लहान फरकाला तुम्ही ‘नगण्य’ म्हणाल, समजा ०.२ प्रमाण विचलन, आणि मग फरकाची विश्वास-मर्यादा (खरा फरक ज्या पट्ट्यात असण्याचा अंदाज आहे तो पट्टा) पूर्ण त्या नगण्य पट्ट्यात बसते का ते दाखवा. १२० मुलांत ती बसायला अवघड जाईल. फरकाची मर्यादा दोन्ही बाजूंना साधारण ०.१८ इतकी रुंद निघते. म्हणून ‘पहिली तीन रूपं सारखी’ या निकालावर तुमचा युक्तिवाद टेकत असेल तर मुलं ३०० च्या आसपास न्या, किंवा प्रत्येक रूपातले हिशेब पाचावरून दहावर. दुसरा उपाय स्वस्त आहे, पण दहा हिशेबांत पोरगं कंटाळतं, मध्ये गूळ-शेंगदाण्याची सुट्टी ठेवा आणि कंटाळा कुठल्या हिशेबापासून आला तेही नोंदवा.